शिकवण्याचं काम आणि दाखवण्याचं काम

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला कळेल. मुलगी आठ वर्षांची, तिला दुसरीनंतर शाळेतून काढलं. मुलगा साडेचार वर्षांचा, तो शाळेत गेलेलाच नाही. दोघांना घरीच शिकवायचं म्हणून तुम्ही बँकेतली नोकरी सोडलीत. फ्रिजवर पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या आठ तासांचं लॅमिनेट केलेलं वेळापत्रक आहे आणि जूनपासून ते एकही दिवस पूर्ण पाळलं गेलेलं नाही. रात्री एक-दीडपर्यंत जागून तुम्ही वर्कशीट तयार करता. अक्षर वाईट आलं म्हणून मागच्या आठवड्यात मुलीच्या वहीचं पान फाडलंत आणि त्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही. सासूबाई रोज विचारतात, ‘आज काय शिकवलंस?’ आणि शेवटी तुमचा प्रश्न असा, की वेळेचं नियोजन कसं करू, का सरळ शाळेत घालून मोकळी होऊ?

मी तेरा वर्षं हे करते आहे. मोठा मुलगा मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी होऊन आता कॉलेजात आहे, धाकटी पंधरा वर्षांची आहे आणि अजून घरीच शिकते. शिवाय इथे कोल्हापुरात नव्याने सुरुवात करणारे आईबाप अधूनमधून आमच्या घरी येऊन बसतात. त्यात वेळेचं नियोजन विचारायला आलेल्या बायकांचं नियोजन बहुतेक वेळा उत्तमच असतं. तुमचंही असणार, बँकेत इतकी वर्षं काढलीत. तुमचा गोंधळ वेगळा आहे.

तुम्ही एकाच वेळी दोन कामं करताय. एक शिकवण्याचं आणि दुसरं, शिकवलं जातंय हे दाखवण्याचं. पहिलं काम थकवतं, पण ते संपतं. दुसरं संपत नाही, कारण ते कोणासाठी चाललंय हेच ठरलेलं नसतं. रात्री दीड वाजता बनवलेली वर्कशीट मुलीने मागितली होती का? ती फाइलला लागणार, फाइल सासूबाईंना दिसणार, फोटो ग्रुपवर जाणार, बँकेतली मैत्रीण म्हणणार, ‘बाई, तू किती करतेस!’ आणि सोडलेल्या पगाराचा हिशोब त्या दिवसापुरता जुळणार. हे टोचून लिहीत नाही. मी स्वतः दोन वर्षं असल्या फाइली केल्या आहेत. माळ्यावर आहेत अजून, कोणी कधी उघडल्या नाहीत.

तेव्हापासून मी एक प्रश्न स्वतःला विचारते. पोरांशिवाय दुसऱ्या कोणाच्याही नजरेला हे पडणार नसेल, तरी मी करेन का? उत्तर ‘नाही’ आलं तर ते काम दाखवण्याचं. ते सगळं टाकून द्या असं म्हणत नाही. थोडं दाखवावंही लागतं, चार माणसांच्या घरात राहतो आपण. पण ते दाखवण्याचं आहे हे माहीत असलं, की त्याला रात्रीची झोप द्यावीशी वाटत नाही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. मुलीला वाचण्या-लिहिण्यात खरोखरची अडचण आहे का, हे मला इथून सांगता येणार नाही. आठव्या वर्षी अक्षर वाकडं असणं वेगळं आणि अक्षरांची उलटापालट होणं, ओळ सुटणं, वाचताना रोज रडू येणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचं काही दिसत असेल तर तज्ज्ञांकडून तपासून घ्या. तिथे आईने मन लावून जास्त घोटून घेण्याने उलट नुकसान होतं. नवरा किती वेळ घरी असतो, घरात कामाला बाई आहे का, पैशांची ओढाताण किती, यावरही बरंच ठरतं. माझ्याकडे सुरुवातीला सासरे घरात होते, हा मोठा आधार होता, जरी तेव्हा मला तसं वाटत नव्हतं. त्यांच्याविषयी पुढे सांगते.

पहिल्यांदा वेळापत्रकाचा हिशोब करू. हिशोब तुमच्या आवडीचा असेल. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवलं आहे. म्हणजे दिवसाला चार तास. त्याच कायद्यानुसार प्राथमिकला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक. चार तासांची २४० मिनिटं ३० मुलांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला बाईंची आठ मिनिटं येतात. हा हिशोब थोडा लबाड आहे हे मान्य. मुलं एकमेकांकडूनही शिकतात, ऐकूनही शिकतात. पण तुम्ही मुलीशेजारी बसून एक तास वाचन आणि गणित केलंत, तर तिला अख्ख्या वर्गात जे मिळालं नसतं ते मिळालेलं असतं. फ्रिजवरचे आठ तास तीस मुलांच्या वर्गासाठी आहेत. घंटा, रांगा, हजेरी हे सगळं गर्दी सांभाळायला लागतं. तुमच्या घरी गर्दी नाही.

आणि तपासणीला कोणी येणारही नाही. आपल्या कायद्यात घरच्या शिक्षणाचा नावाने उल्लेख नाही. बंदी म्हणून नाही आणि मान्यता म्हणूनही नाही. त्यामुळे कोणी अधिकारी दप्तर तपासायला येत नाही, वार्षिक अहवाल मागत नाही. यात मोकळीक आहे असं लोक म्हणतात. मला आधी त्याची भीतीच वाटायची. वरून कोणी ‘ठीक चाललंय’ म्हणणारं नसलं की माणूस स्वतःच स्वतःचा इन्स्पेक्टर होतो, आणि हा इन्स्पेक्टर सुट्टी घेत नाही. स्वयंपाकघरात, अंघोळीत, झोपेत, सगळीकडे त्याची वही उघडी.

माझा इन्स्पेक्टर पहिल्यांदा कधी पकडला गेला ते सांगते. मुलगा सात वर्षांचा होता. दिवाळीत किल्ला करायचा होता. मी ठरवलं, नुसता किल्ला नाही, राजगड करायचा: भूगोल, इतिहास, मोजमाप, सगळं एकात. नकाशा काढला, पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या आणि मधला बालेकिल्ला प्रमाणात बसवायचा म्हणून पट्टी घेऊन बसले. लाल माती चाळून घेतली. मुलाने एक चिखलाचा गोळा उचलून संजीवनी माचीवर थापला तर मी म्हटलं, ‘तिथे नाही, तटबंदी येणार आहे.’ थोड्या वेळाने त्याने विचारलं, ‘आई, मग मी माझा कुठे करू?’ मी म्हटलं, ‘हा आपलाच आहे की.’ तो काही बोलला नाही. अर्ध्या तासाने पाहिलं तर शेजारच्यांच्या अंगणात चार पोरं विटांच्या तुकड्यांवर पोतं टाकून वरून चिखल ओतत होती आणि हा कोपरापर्यंत बरबटून आळीव पेरत होता. त्यांचा किल्ला कुठल्याच गडासारखा दिसत नव्हता. चार दिवसांत त्यावर हिरवंगार उगवलं. माझ्या राजगडाला लोकांनी नावाजलं, फोटो काढले. मुलाने त्यावर एकही मावळा ठेवला नाही, सगळे तिकडे नेले.

त्या दिवाळीपासून मी शहाणी झाले असं नाही. पण ‘मी माझा कुठे करू?’ हे वाक्य घरात राहिलं. आता मी एखाद्या गोष्टीत जास्त हात घालायला लागले की धाकटीही तेच म्हणते.

आता फाडलेल्या पानाबद्दल. तुम्ही मुलीजवळ चूक कबूल केलीत का, ते लिहिलेलं नाही. केली नसेल तर करा. एकदाच, दोन वाक्यांत, रडून नाही. रडलात तर तिला तुमचीच समजूत काढावी लागते. ‘तुझं पान मी फाडलं ते चुकलं. तुझी वही तुझी आहे.’ एवढं पुरे.

वहीचं माझ्याकडे एक चालत आलेलं तंत्र आहे. आपण शाळेत कच्ची वही आणि पक्की वही ठेवायचो, आठवतंय? घरी आम्ही फक्त कच्ची वही ठेवली. त्यात खाडाखोड चालते, उलट्या पानावरून सुरुवात चालते, मध्येच मांजराचं चित्र चालतं. त्यात लाल पेन चालत नाही, माझं पेनच चालत नाही. चूक दिसली तर मी तोंडी विचारते, ‘हे कसं आलं?’ निम्म्या वेळा सांगतासांगता मुलालाच चूक सापडते. पंधरा दिवसांतून एकदा मुलाने स्वतः एक पान निवडायचं आणि ते पक्क्या कागदावर सुवाच्य उतरवायचं. कुठलं निवडायचं ते त्याने ठरवायचं. वर्षाला वीस-बावीस पानं होतात. पै-पाहुण्यांना दाखवायला तेवढी भरपूर होतात आणि अक्षरही सुधारतं, कारण ते पान सुंदर व्हावं असं खुद्द मुलालाच वाटत असतं.

तुमची मुलगीही चूक झाली की लगेच पान फाडायला मागते, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते मला मुख्य प्रश्नापेक्षा महत्त्वाचं वाटलं. तिने ते कुठून उचललं, हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून त्यावर बोलत नाही. उपाय सांगते, तो मला अपघाताने सापडला. अडतिसाव्या वर्षी मी मोडी शिकायला बसले, मुलीसोबत. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. माझी अक्षरं म्हणजे वाळत घातलेले कपडे वाऱ्याने गुंडाळले जावेत तशी. मुलगी महिनाभरात माझ्या पुढे गेली. माझं पान बघून खदाखदा हसायची आणि मला शिकवायची. आई वाईट लिहिते, ते पान फाडत नाही, दुसऱ्या दिवशी परत वाईट लिहायला बसते, हे तिने रोज डोळ्यांनी पाहिलं. ‘चुकलं तर चालतं’ असं मी त्याआधी तिला शंभरदा सांगितलं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. तुम्ही मोडीच शिका असं नाही. पेटी शिका, पोहायला शिका, विणकाम करा. तुम्हाला अजिबात येत नाही असं काहीतरी निवडा आणि ते पोरांच्या देखत करा.

रोजच्या घडीविषयी. घड्याळावर बांधलेलं वेळापत्रक साडेचार वर्षांचं पोर घरात असताना टिकत नाही, कोणाचंच टिकत नाही. मी कामांना कामं जोडली. न्याहारी झाली की मोठ्याचं गणित, तेव्हा धाकटी शेजारी पाटावर कणकेचा गोळा घेऊन. जेवण झालं की मी मोठ्याने वाचणार, दोघं लोळत ऐकणार, धाकटी बहुतेक वेळा झोपणार. ऊन उतरलं की बाहेर. बस. न्याहारी नऊला झाली काय आणि साडेदहाला झाली काय, गणित त्याच्या मागोमाग येतंच, त्यामुळे ‘उशीर झाला, दिवस वाया गेला’ हे वाक्य घरातून गेलं.

सकाळच्या नियोजनाऐवजी रात्रीची नोंद ठेवायला लागले. पाच ओळी, तारीख घालून. ‘आज काय करायचं’ ऐवजी ‘आज काय झालं’. वाण्याच्या बिलाची बेरीज मुलाने केली आणि वाण्याची चूक काढली. मुंग्या साखरेपेक्षा गुळाकडे जातात का, यावर वाद. अपूर्णांकांवर रडारड, वही बंद केली. असं. नियोजनाच्या वहीत रोज काहीतरी राहून गेलेलं असतं. या वहीत राहून गेलेलं काही नसतंच. तीन महिन्यांनी मागची पानं चाळली तेव्हा कळलं की मुलगा किती शिकला होता आणि त्यातलं किती थोडं माझ्या तक्त्यात होतं. कुठली गोष्ट महिनाभर आलीच नाही हेही त्यातच दिसतं. आमच्याकडे लेखन यायचं नाही, मग आजोबांना पत्र लिहायचा नेम केला.

रोज सगळं खास असायला हवं हा हट्ट सोडा. आपण रोज पुरणपोळी करतो का? रोज वरण-भात असतो, त्यावर पोरं वाढतात. बालभारतीचं गणिताचं पुस्तक उघडून दोन उदाहरणं सोडवणं हा वरण-भात. त्यांची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मी तेरा वर्षं मुख्यतः त्यांवरच भागवलं. प्रकल्प, प्रयोग, सहली हे सणाचं पुरण. महिन्यातून एकदा झालं तरी भाग्य.

तुम्ही मॉन्टेसरीचं साहित्य हप्त्यावर घेतलंत आणि मणी हरवतील म्हणून ते खोक्यातच आहे, हे वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करायला लागल्या तेव्हा मॉन्टेसरीचा विचार त्यांनी घेतला, पण साहित्य तिथल्याच वस्तूंतून उभं केलं. शिंपले, बिया, पानं. जी मुलं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणायचे. मण्यांऐवजी चिंचोके काढा. चिंचोके हरवले तर कोणाच्या पोटात गोळा येत नाही. खोकं मात्र उघडा, हप्ते तर भरतोच आहोत!

सासूबाईंच्या प्रश्नाला रोज उत्तर देत बसू नका, त्यांना कामाला लावा. माझे सासरे या सगळ्याच्या सक्त विरोधात होते. ‘पोरांना घरात कोंडून अडाणी ठेवणार’ हे त्यांचं रोजचं वाक्य. एकदा वैतागून मी म्हटलं, ‘अण्णा, तुम्हाला पावकी-निमकी येते ना, मला येत नाही. शिकवा तुम्हीच.’ त्यांनी खरंच मनावर घेतलं. रोज संध्याकाळी दिवेलागणीला पावकी, निमकी, सवायकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा यांचे पाढे सुरू. मुलाला त्यातून अपूर्णांक इतके पक्के झाले की पुस्तकातला तो धडा आम्ही दोन दिवसांत संपवला. विरोध संपला का? नाही. पण तक्रार करणारे अण्णा आता स्टाफवर होते. तुमच्या सासूबाईंना काय येतं, ओव्या, गोधडी, लोणच्याची मापं, ते तुम्हाला माहीत. ती जबाबदारी पूर्ण द्या आणि मध्ये पडू नका. त्या चुकीचं शिकवतील, शिकवू द्या.

नवऱ्यालाही तेच. ‘तो मदत करत नाही’ असं लिहिलंय आणि तीन ओळींनंतर ‘त्याने घेतलं की पुन्हा मलाच करावं लागतं’ असंही लिहिलंय. ताई, पहिल्याचं कारण दुसऱ्यात असू शकतं. रविवारी सकाळी चार तास मुलं त्याची. तुम्ही घराबाहेर पडायचं. घरात थांबलात तर सूचना सुटणारच. आल्यावर पोरं पोहे खाऊन पायजम्यात कार्टून बघत बसलेली सापडतील. तोंडातून अक्षर काढायचं नाही.

आता शाळेत घालू का? घालू शकता, आणि तो पराभव नाही. पण आज, या थकव्यात ठरवू नका. दार बंद होत नाही. शिक्षण हक्क कायद्यात शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद आहे. दुसरीचा शाळा सोडल्याचा दाखला तेवढा जपून ठेवा. घरीच पुढे गेलात तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या म्हणजे एनआयओएसच्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आहेत. दहावीसाठी १४ वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय असतात आणि एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एकदा पास झालेला विषय परत द्यावा लागत नाही. माझ्या मुलाने दोन खेपांत विषय वाटून घेतले होते. म्हणजे तुमच्या मुलीला जिथे खरोखर मोजलं जाईल ती पहिली मोठी परीक्षा अजून सहा वर्षं लांब आहे, आणि तीही तुम्ही घेता त्या रोजच्या परीक्षेपेक्षा बरीच दयाळू आहे.

एक गोष्ट गंभीरपणे. तुम्ही लिहिलंय की दोन महिने झोप नीट नाही, सकाळी उठावंसंच वाटत नाही, कारण नसताना रडू येतं. हे तक्ते बदलून जाईलच असं नाही. डॉक्टरांना दाखवा. जायला अवघड वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. माझ्या ओळखीतल्या दोघींनी उपचार घेतले. एकीने मुलांना शाळेत घातलं, दुसरीने नाही, आणि दोघींचं बरं चाललंय.

तर सोमवारी काय करायचं? काही नवं नाही. दोन आठवडे फक्त तीन गोष्टी: गणिताची वीस मिनिटं, मोठ्याने वाचन, संध्याकाळी बाहेर. रात्री पाच ओळी लिहा आणि दहाला दिवा बंद. पहिले काही दिवस फार अस्वस्थ वाटेल, आपण काहीच करत नाही असं वाटेल. माझे हात तर वर्कशीटसाठी शिवशिवायचे. तेव्हा त्या पाच ओळी वाचा. आणि फ्रिजवरचा तक्ता काढा. तो लॅमिनेट केलेला आहे, फाडता येणार नाही, पण चिखलकामाला खाली अंथरायला फार छान होतो. धुतला की स्वच्छ.